गाणं जपलं, पाकीट टाकलं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



छंदाविषयी बोला असं मला सांगण्यात आलं, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी लगेच विचारलं, "छंदाविषयी बोलणार की अडगळीविषयी?" तिचंही खरं आहे. मिरजेतल्या आमच्या घराची एक अख्खी खोली ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांनी अडवलेली आहे. पाहुणा मुक्कामाला आला, तर त्याचं अंथरूण बाहेरच्या खोलीत पडतं आणि त्याच्या उशाशी कर्णा असतो.

घरी येणारा माणूस एक प्रश्न हमखास विचारतो. "अहो, हे सगळं आता मोबाइलवर मिळतं की! मग हे ओझं कशाला सांभाळता?" पूर्वी मी या प्रश्नानं चिडत असे. आता चिडत नाही, कारण प्रश्न बरोबर आहे. बालगंधर्वांची पदं, अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी, हिराबाईंची भावगीतं आज बसल्या जागी ऐकता येतात. म्हणजे त्यातलं पुष्कळसं गाणं वाचलेलं आहे. मग हे ओझं कशासाठी? याचं उत्तर कळायला मला बारा वर्षं लागली, आणि तोवर माझ्या हातून दोन मोठ्या चुका होऊन गेल्या होत्या. आज त्या चुकांबद्दलच सांगणार आहे.

त्याआधी थोडं यंत्राविषयी. आपल्याकडे सरसकट 'फोनो' म्हणायची पद्धत होती. पण फोनोग्राफ वेगळा आणि ग्रामोफोन वेगळा. एडिसननं १८७७ साली फोनोग्राफ केला. त्यात आवाज एका फिरत्या नळकांड्यावर कोरला जायचा, सुरुवातीला कथलाच्या पातळ पत्र्यावर आणि पुढे मेणावर. त्याच यंत्रावर बोलायचं आणि त्याच यंत्रावर ऐकायचं, अशी ती सोय होती. पण मेणाला बुरशी खाते. आपल्या दमट हवेत ती नळकांडी फारशी टिकली नाहीत. १८८७ साली एमिल बर्लिनर यानं चपट्या तबकडीच्या यंत्राचं पेटंट घेतलं, तो ग्रामोफोन. त्यावर घरच्या घरी आवाज भरता येत नव्हता, पण एका साच्यातून शेकडो तबकड्या छापता येत होत्या. आपल्या आजोबांच्या घरात जो होता, तो बहुधा हाच.

त्याला वीज लागत नाही. चावी दिली की आत पोलादी स्प्रिंग गुंडाळली जाते, ती उलगडताना तबकडी फिरते. तबकडीच्या रेघेतून जाताना सुई थरथरते, ती थरथर अभ्रकाच्या एका लहानशा पडद्याला पोचते आणि कर्णा तिला मोठं करतो. एवढाच कारभार. सुई पोलादाची, आणि दर बाजूला ती बदलायची. एक बाजू साधारण तीन मिनिटांची. तास-दीड तास राग मांडणाऱ्या गवयाला तीन मिनिटांत सगळं आटपायचं होतं!

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा माणूस कलकत्त्याला आला आणि त्यानं गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. त्या वेळी तबकड्या इथे छापल्या जात नव्हत्या. मूळ मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जायचं आणि तयार तबकड्या बोटीनं परत यायच्या. तिथल्या कारागिराला कोण गातंय हे कसं कळणार? म्हणून गाणं संपलं की गायक स्वतःचं नाव मोठ्यानं सांगत. गौहरजान तर इंग्रजीत सांगते. पुढे १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि ही यातायात संपली. नाव सांगायची ही जुनी गोष्ट लक्षात ठेवा, तिचं काम पुढे पडणार आहे.

मी रेल्वेत कारकून होतो. पास होता, रविवार मोकळा होता. १९८४ साली एका नातेवाइकांच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत तीस-चाळीस तबकड्या मिळाल्या आणि मला हे वेड लागलं. मग पुण्याचा जुना बाजार, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, सोलापूर. जिथे गाडी जाईल तिथे मी. एकदा मुंबईच्या एका बाजारात झगझगीत पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन दिसला. पेटीवर कुत्र्याचं चित्र. दोन महिन्यांचा पगार घालून घेतला. घरी आणून पेटी उघडली, तर लाकूड नवं, चित्र चिकटवलेलं, आणि आतलं यंत्र सुटकेससारख्या बंद होणाऱ्या साध्या पेटीतून काढून बसवलेलं. असे बनावट नग आजही विकले जातात. जुन्या यंत्राचा कर्णा बहुतेक रंगवलेल्या पत्र्याचा किंवा लाकडाचा असतो. कर्णा आरशासारखा चमकत असेल, तर आधी संशय घ्यावा. पण ही चूक फक्त खिशाला लागली. तिला मी मोठी चूक म्हणत नाही.

पहिली मोठी चूक १९८६ सालची. एका वाड्याच्या आवराआवरीत मला एक तबकडी मिळाली. एकाच बाजूला गाणं, म्हणजे फार जुनी. दुसऱ्या बाजूला लेखणी घेऊन बसलेला देवदूत कोरलेला, ती कंपनीची जुनी खूण. कुत्रा नंतरचा. लेबल इतकं झिजलेलं की गायिकेच्या नावातलं फक्त शेवटचं 'मिरजकर' एवढंच वाचता येत होतं. आमच्या गावची बाई! मला कोण आनंद झाला. तबकडीवर धुळीचं आणि तेलाचं किटण होतं. मी शेजारच्या दवाखान्यातून स्पिरिट आणलं, कापसाचा बोळा घेतला आणि घासायला बसलो.

श्रोतेहो, ती तबकडी लाखेची असते. लाख, दगडाची पूड आणि काजळी यांचा तो लगदा. रेल्वेत पार्सलला आम्ही सील मारत होतो, तीच ही लाख. सुतार लाकडाला जे स्पिरिट पॉलिश मारतो, ते लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच केलेलं असतं. हे मला ठाऊक होतं, पण त्या वेळी डोक्यात आलं नाही. बोळा काळा झाला तेव्हा मला वाटलं, मळ निघतोय. मळ नव्हता, गाणंच निघत होतं. वाळल्यावर तबकडी लावली, तर आधी खरखर आणि मग सुई नुसतीच घसरत गेली.

त्याहून वाईट गोष्ट पुढे कळली. प्रत्येक तबकडीवर, लेबलाच्या कडेला काळ्या भागात, एक क्रमांक कोरलेला असतो. तो त्या मुद्रणाचा क्रमांक. त्यावरून कंपनीच्या जुन्या याद्यांत गायकाचं नाव, मुद्रणाचं गाव, साल सापडू शकतं. दुसऱ्या कुणाकडे तीच तबकडी आहे का, हेही विचारता येतं. मी तो क्रमांक लिहून घेतला नव्हता. गाणं नासलं म्हणून चिडून ती तबकडीही मी टाकून दिली. त्या बाईंचं पूर्ण नाव मला आजवर कळलेलं नाही.

दुसरी चूक मी सतत बारा वर्षं करत होतो, आणि ती चूक आहे हे मला माहीतच नव्हतं. तबकड्या कागदी पाकिटात येत. ती पाकिटं पिवळी पडलेली, कडा फाटलेल्या, कसरीनं खाल्लेली. मी घरी आलो की तबकडी काढून स्वच्छ नव्या पाकिटात घालायचो आणि जुनी पाकिटं बंबात. थंडीत पाणी तापायला बरं, असं घरातही मत होतं.

१९९६ साली आमच्या ओळखीचे एक वयस्कर गृहस्थ गाणं ऐकायला आले. सत्तरीचे असतील. मी त्यांना काका म्हणत असे. दोन-तीन तबकड्या ऐकल्या, चहा झाला. मग ते म्हणाले, "याचं पाकीट कुठं हाय?"

मी म्हणालो, "काका, जुनी पाकिटं मी ठेवत नाही. कागद खराब होतो."

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्या वडलांचं दुकान होतं. सायकली, शिवणयंत्रं आणि रेकॉर्डी. पाकिटावर दुकानाचं नाव छापलेलं असायचं. दुकान रस्त्यात गेलं, पाटी गेली. म्हटलं, तुमच्याकडं तरी एखादं बघायला मिळंल."

मी काय बोलणार? त्या तबकड्यांतल्या काही आमच्याच गावच्या वाड्यांतून आलेल्या. त्यांच्या वडिलांच्या दुकानाची पाकिटं मी किती जाळली असतील, याचा हिशेब नाही. ज्या गाण्यांची काळजी मी घेत होतो, ती गाणी मुंबईत होती, कलकत्त्यात होती, परदेशातसुद्धा होती. ते दुकान मात्र फक्त त्या पाकिटावर होतं.

त्या दिवसापासून मी पाकिटं जमवू लागलो, आणि पाकिटांनी मला गावाच्या इतिहासात ओढलं. एखाद्या पाकिटावर काय काय असतं पाहा. दुकानाचं नाव, 'पोस्टासमोर' किंवा 'स्टेशन रोड' असा पत्ता, दुकानात आणखी काय मिळतं त्याची यादी. घड्याळं, सायकली, बाजाच्या पेट्या आणि ग्रामोफोन एकाच छपराखाली विकले जात, हे तिथून कळतं. त्यावर टाकानं लिहिलेलं घरमालकाचं नाव. कुठे 'लग्नात भेट' आणि तारीख. एखाद्या चहाच्या हॉटेलाचा रबरी शिक्का, कारण गिऱ्हाईक टिकावं म्हणून हॉटेलात तबकड्या वाजत. कुठे एखाद्या शाळेचा किंवा क्लबाचा शिक्का.

पत्त्यावरून सालसुद्धा काढता येतं. पत्त्यात 'मिरज संस्थान' असेल तर पाकीट १९४८ सालच्या विलीनीकरणाच्या आधीचं. 'जिल्हा दक्षिण सातारा' असेल तर १९४९ ते १९६० यांमधलं, कारण आपल्या सांगली जिल्ह्याचं नाव त्या काळात ते होतं. 'जिल्हा सांगली' असेल तर त्यानंतरचं. कुणी इतिहासकार लागत नाही, डोळे उघडे असले की पुरे.

पण नुसतं पाकीट वाचून भागत नाही. मग मी सिटी सर्व्हेच्या कचेरीत मिळकत पत्रिका पाहू लागलो. वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती चाळू लागलो. म्हाताऱ्या माणसांच्या ओसरीवर जाऊन बसू लागलो. तिथे एक धडा शिकलो. एका घरी मला खाँसाहेबांची तबकडी दाखवली आणि सांगितलं, "आमच्या आजोबांनी ही १९१५ साली घेतली." तबकडी ओडियन कंपनीची, आवाज स्वच्छ, मायक्रोफोनवर घेतलेला. विजेच्या साहाय्यानं मुद्रण सुरू झालं १९२५ साली. खाँसाहेबांची पहिली मुद्रणं १९०५ च्या सुमाराची आहेत खरी, पण ती कर्ण्यात तोंड घालून गायलेली. ही ओडियनची तबकडी १९३० नंतरची. म्हणजे साल चुकलेलं. पण ती कुठल्या दुकानात घेतली, दुकानाच्या पायरीवर कोण बसायचं, हे त्यांनी सांगितलेलं सगळं पाकिटावरच्या पत्त्याशी जुळलं. तेव्हापासून मी माणसांच्या आठवणीला खोटं म्हणत नाही आणि एकटीवर विसंबूनही राहत नाही. आठवण, कागद आणि वस्तू, या तिघांची गाठ घालून द्यायची.

हे काम लहान आहे, याची मला जाणीव आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं त्यांनी उजेडात आणली, १८९८ पासून एकामागून एक खंड छापले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. त्यांच्यापुढे माझी पाकिटं म्हणजे काहीच नाही. पण माळ्यावरचा कागद टाकायच्या आधी वाचावा, ही शिकवण त्यांचीच आहे. आणि ती पेशव्यांच्या पत्राला लागू पडते तशी सायकलच्या दुकानालाही पडते. मिरज हे गाण्याचं गाव. इथे सतारी आणि तंबोरे घडतात, बालगंधर्वांनी रंगभूमीवरची पहिली शकुंतला १९०५ साली इथेच केली, खाँसाहेब इथेच दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. हे सगळं पुस्तकात आहे. पण ते गाणं पैसे मोजून घरी कुणी नेलं, हमालानं, वकिलानं की हॉटेलवाल्यानं, हे पुस्तकात नाही. ऐकणाऱ्यांचा इतिहास कुणी लिहीत नाही.

काकांच्या वडिलांचं पाकीट शोधायला मला सात वर्षं लागली. २००३ साली पुण्याच्या जुन्या बाजारात, एका रविवारी, एका सिनेमाच्या गाण्याच्या तबकडीवर ते चढवलेलं होतं. दुकानदाराला तबकडीचे पैसे हवे होते. मी तबकडीकडे पाहिलंसुद्धा नाही. कोयना एक्स्प्रेसनं घरी येईपर्यंत ते पाकीट मी वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा चढवला, पाकीट उजेडात धरलं. मला वाटलं, वडिलांचं नाव पाहून त्यांना भरून येईल. त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या किमतीच्या शिक्क्यावर गेलं. तो तिरका उमटला होता. ते हसू लागले. म्हणाले, "हा शिक्का माझा. शाळा सुटली की मी शिक्के मारायला बसायचो. वाकडा बसला की वडील टपली मारायचे."

पाकीट मी त्यांना द्यायलाच नेलं होतं. त्यांनी घेतलं नाही. "तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे," म्हणाले, "माझ्या माघारी घरातलं कुणी बंबात घालंल." ते म्हणाले ते सहज. मी मात्र मान खाली घातली.

२०१९ सालच्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत नदीकाठच्या भागात माझे एक मित्र राहतात, तेही तबकड्या जमवणारे. त्यांच्या तळघरात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखलातून तबकड्या काढल्या. लाख पाण्यात सहसा विरघळत नाही. धुऊन, सावलीत उभ्या करून वाळवल्यावर बऱ्याच तबकड्या वाजल्या. पण पाकिटांचा लगदा झाला होता आणि लेबलं सुटून एकमेकांना चिकटली होती. गाणं वाजत होतं, नाव नव्हतं.

मग आम्ही एकेक तबकडी भिंगाखाली धरून कोरलेले क्रमांक उतरवले. जाणकारांना पाठवले. आपल्याकडे १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही मुंबईची संस्था हे काम करत आली आहे. १९३५ साली मुंबईत सुरू झालेल्या 'यंग इंडिया' या देशी कंपनीच्या तबकड्यांची डिजिटल प्रत ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्यानं झाली, त्यामागेही याच मंडळींची खटपट होती. त्यामुळे क्रमांकांवरून पुष्कळ तबकड्यांना नावं परत मिळाली. काही फार जुन्या तबकड्यांच्या शेवटी तर गायकानं स्वतःच नाव सांगितलं होतं, त्यांचा प्रश्नच आला नाही. पण त्या तबकड्या सांगलीत कुणाच्या घरी वाजल्या, कुठल्या दुकानातून आल्या, ते सांगणारं काहीही उरलं नाही. गाणाऱ्याला आपलं नाव सांगायची संधी होती. ऐकणाऱ्याला ती कधीच मिळाली नव्हती.

त्या पावसाळ्यानंतर मी माझी सगळी पाकिटं दोन्ही बाजूंनी टिपून घेतली आणि त्यांच्या प्रती तीन वेगवेगळ्या ठिकाणी दिल्या. एक माझ्या मुलाकडे, एक वाचनालयात, एक परगावच्या मित्राकडे. मूळ पाकिटं माझ्याकडे, आणि आता वरच्या मजल्यावर.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल. ती विकू नका, असं मी म्हणत नाही. घरं लहान आहेत, हे मलाही कळतं. पण भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एक दुपार तिला द्या. तबकड्यांना स्पिरिट लावू नका. मऊ ब्रशनं धूळ झाडा, फार तर ओलसर फडक्यानं लेबल सांभाळून पुसा. एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. जुन्या पोलादी सुईनं पुन्हा पुन्हा वाजवू नका, ती रेघ खाते. ज्याच्याकडे अशा तबकड्यांसाठीची रुंद सुई आणि हलका हात असलेलं यंत्र आहे, त्याच्याकडून प्रत करून घ्या. लेबलाच्या कडेचा क्रमांक आधी लिहून घ्या. पाकिटाचा फोटो काढा. आणि घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला शेजारी बसवून विचारा, ही कुणी आणली, कधी, कुठून? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, चुकीचं वाटलं तरी लिहा.

आणि हो, एखाद्या जुन्या तबकडीवर 'मिरजकर' असं अर्धवट नाव दिसलं, तर तो क्रमांक मला नक्की कळवा. मी चाळीस वर्षं वाट पाहतो आहे.